घरच्या गिऱ्हाइकाचा लेथ

भावोजी दारात उभे राहिले तेव्हा कवळीबाईंनी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. गाल आत बसलेले, ओठ तोंडात ओढलेले, हनुवटी नाकाची चौकशी करायला वर निघालेली. मागे ताई होती म्हणून ओळख पटली. थोरल्या बहिणीचा नवरा हा, यंत्रांच्या मोठ्या दुकानाचा मालक, ज्याच्या हसण्याने कपाटातल्या बश्या वाजायच्या. आज झटकन तोंडावर रुमाल ओढून उंबऱ्यात घुटमळत होता.

"सगळे काढले," ताई म्हणाली. "वरचे, खालचे, सगळे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हिरड्या भरून आल्यात, आता कवळीचं बघा. तर हे हटूनच बसलेत. कवळी करायची तर तुझ्याच हातची."

रुमालाआडून भावोजींनी जोरात मान हलवली.

बाईंनी दोघांना पाणी दिलं आणि "बघते" एवढंच म्हणाल्या. ते गेल्यावर दार लावून घेतलं, तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तुझ्याच हातची म्हणे! हिचे हात गेले, हिचे हात गेले अशी ज्याने तीन वर्षं चारचौघांत टिमकी वाजवली, तोच माणूस स्वतःचं तोंड त्याच हातांत द्यायला आला होता. यात काहीतरी काळंबेरं आहे एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळेना.

बाई एका लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, आणि बाई त्यावरून मेणात दात मांडायच्या, कवळी ओतायच्या, घासायच्या, चकाकी द्यायच्या. सगळी उमर त्यात गेली, म्हणून गल्लीत नाव पडलं कवळीबाई, आणि त्यांनाही ते आवडायचं. शिकाऊ असताना त्यांना एकच नियम घोटवला होता: तोंड कधी चुकत नाही. कवळी टोचली, हलली, सुटली, की चूक कवळीची, म्हणजेच कवळी करणाऱ्याची. पेशंटला 'तुमचं तोंडच वाकडं' असं सांगणाऱ्याने सरळ हा धंदा सोडावा आणि दुसरं काहीतरी बघावं.

या नियमानेच त्यांचा घात केला. पन्नाशी ओलांडल्यावर बाईंना लाकडाचं वेड लागलं. जन्मभर प्लास्टर आणि अक्रिलिक हाताळून हात कंटाळले होते. लेथवर ठोकळा फिरत असतो, त्याला पटाशी टेकवायची, आणि बघता बघता चौकोनातून गोल डबी निघते, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं आणि मन तिथेच अडकलं. त्या भावोजींच्या दुकानात गेल्या. भावोजींनी टेबलावर मावेल असा एक छोटा निळा लेथ पुढे केला. "शिकाऊ माणसाला एवढा पुरे, मेहुणीबाई. स्वस्तात देतो. घरचंच दुकान आहे."

लेथ आला, मागची खोली भुशाने भरली. स्टुलाचे पाय, पटाश्यांच्या मुठी, अशी दोन टोकांत धरून करायची कामं झकास व्हायची. घोडं पेंड खायचं ते डबीपाशी. बाहेरून कातून झालं आणि आतून कोरायला मागचा आधार काढला, की लाकूड थरथरत फिरायला लागायचं. भिंत एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला कागदासारखी. झाकण ठेवावं तर एकीकडून ओठासारखं बाहेर, दुसरीकडून आत. पुन्हा करावी तर पुन्हा तेच.

भावोजींना आयतं कोलीत मिळालं. सगळे जेवायला जमले की ते डबी मागवायचे, ताटाशेजारी ठेवून टिचकी मारायचे, आणि झाकण नाचायला लागलं की म्हणायचे, "जगाच्या तोंडात कवळ्या बसवतात आमच्या मेहुणीबाई, आणि डबीला झाकण बसेना!" बश्या वाजेपर्यंत हसायचे. ताईसुद्धा हसायची. मेहुणीची थट्टा भावोजींनी नाही करायची तर कोणी करायची? एकदा बाई चाचरत म्हणाल्या, "यंत्रातच काही नसेल ना?" तर भावोजींना हसून हसून ठसका लागला. "नाचता येईना अंगण वाकडं! अहो, वय झालं की हात जातो. त्यात लाजायचं काय?"

बाई मूग गिळून बसल्या. अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. झाकण बसत नाही ना, मग चूक करणाऱ्याची. यंत्राकडे त्यांनी पुन्हा संशयाने पाहिलं नाही.

पण ते वाक्य त्यांच्या मागोमाग लॅबमध्ये आलं. वय झालं की हात जातो. मेणात दात मांडताना त्यांची बोटं थबकायला लागली. झालेलं काम पुन्हा तपासायचं, मग पुन्हा. एक कवळी टोचते म्हणून परत आली. कवळ्या परत येतच असतात, थोडं घासलं की भागतं, पण बाईंनी ती हातात घेतली आणि त्यांना रडू फुटलं. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं. मालकांनी परोपरीने सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "लोकांच्या तोंडाशी खेळ नको." घरी आल्या, आणि तेव्हापासून सकाळी उठून हातांचं काय करायचं हे त्यांना समजेना.

आणि आता हा माणूस म्हणतो, तुझ्याच हातची.

त्याच सुमारास शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी त्यांना गाठलं. आयुष्यभर बस चालवून काका निवृत्त झाले होते, घरात बसून बायकोच्या पायात पायात येत होते. "बाई, मलाही ते लाकूड फिरवायला शिकायचंय. स्वस्तातला लेथ कोणता घ्यावा?"

"मला कुठं विचारता! माझ्या डब्या बघितल्यात ना?"

"बघितल्यात म्हणूनच विचारतो. काय घेऊ नये ते तरी कळेल."

बाईंना खूप दिवसांनी हसू आलं. एक खुर्च्या करणारा वर्कशॉप आवरतं घेऊन आपला धाकटा लेथ विकणार होता. दोघं तिकडे गेले. लांबलचक शेड, छताला टांगलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या, सगळीकडे रंध्याच्या सालपटांचा गोड वास. कोपऱ्यात काळपट रंगाचा, रंग उडालेला लेथ. काका तोंड वाकडं करून म्हणाले, "हा अगदीच म्हातारा दिसतो."

"आधी उचला बरं," खुर्चीवाला म्हणाला. काकांनी जोर लावला. लेथ ढिम्म.

"बिडाचा आहे. पत्र्याचा असता तर लाकडाबरोबर तोही नाचला असता. जड तेवढा बरा." मग त्याने लाकूड पकडणारा पुढचा दांडा मुठीत धरून गदागदा हलवायला लावला. तो तसूभर हलला नाही. यंत्र सुरू केलं तर काकांनी बसच्या इंजिनाला लावायचे तसा कान लावला आणि खूश झाले. "बेअरिंग शाबूत आहे. वेग कसा बदलायचा?"

"पट्टा या चाकावरून त्या चाकावर."

"म्हणजे गिअरच की हो!"

"गिअरच. पण सगळा खिसा लेथवर रिकामा करू नका. चांगल्या पटाश्या घ्या, त्यांना धार लावायला ग्राइंडर घ्या. बोथट पटाशीखाली सोन्याचा लेथसुद्धा रडतो." एवढं बोलून तो वाकला. "आणि आता शेवटचं. खरं म्हणजे हे पहिलं बघायचं." लाकडाला मागून टेकू देणारा भाग त्याने सरकवत सरकवत थेट पुढच्या भागाला भिडवला. पुढच्या दांड्याला एक टोक, मागच्याला एक टोक. दोन्ही सुया एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

बाई पुढे झाल्या. डोळे मिटून नखाचं टोक त्या जोडावरून फिरवलं, कवळीची कड तपासायच्या तसं. नख कुठेही अडलं नाही.

"आणि नाही जुळली तर?" त्यांनी विचारलं.

"तर टेबलाचे पाय होतील, मुठी होतील. डबी जन्मात व्हायची नाही. देव आला तरी झाकण बसायचं नाही."

बाईंनी निळ्या लेथचं वर्णन केलं, दुकानही सांगितलं. खुर्चीवाल्याने कपाळावर हात मारला. "तो तुमच्याकडे आलाय होय? अहो, तो पडलेला! टेम्पोतून उतरवताना खोकं उलटं आपटलं. मी पॉलिश घ्यायला गेलो होतो, तिथेच उभा. मालकाने माझ्यासमोर टोकं जुळवून पाहिली, तांदळाच्या दाण्याइतकी हुकलेली. मी म्हटलं, परत पाठवा. तर म्हणतो, परत कशाला, एक घरचं गिऱ्हाईक आहे. घरचं माणूस तक्रार करत नाही."

काकांनी तो काळपट लेथ तिथल्या तिथे ठरवून टाकला. घरी येऊन बाईंनी निळ्या लेथवरचा भुसा फुंकला, मागचा भाग सरकवला. दोन टोकं शेजारून निघून गेली, रस्त्यात भेटून ओळख न दाखवणाऱ्या नातेवाइकांसारखी.

हात गेले नव्हते. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत. लॅबमधली खिडकीजवळची खुर्ची, मेणाचा वास, नव्या कवळीने पहिला घास चावणाऱ्या म्हातारीचा चेहरा, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिलं होतं. आणि तो माणूस टोकं हुकलेली माहीत असताना टिचकी मारून झाकण नाचवत होता. एकदा नव्हे, दर वेळी. बाईंनी दातओठ खात फोन उचलला. "ताई, साचे लॅबमध्ये पाठवायला सांग. करते मी."

लॅबच्या मालकांनी खिडकीजवळची खुर्ची स्वतः पुसून दिली. भावोजींच्या हिरड्यांचा पांढराशुभ्र साचा बाईंच्या समोर आला. सुरेख हिरड्या, उंच, घट्ट. अशा तोंडाला कवळी अशी चिकटते की काढायला खटपट करावी लागते. बाईंनी दात मांडायला घेतले आणि बोटं एकदाही थबकली नाहीत.

वरचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, ओठ वर उचलून आरशात पाहिलं तर कोणालाही दिसेल. त्या पडद्यासाठी कवळीच्या कडेला खाच ठेवावी लागते. खाच हवी तेवढी खोल असली तर माणूस काहीही करो, कवळी जागची हलत नाही. बाईंनी खाच उथळ ठेवली. किती उथळ? खाताना, बोलताना, गालातल्या गालात हसताना काही कळू नये इतकी. ओठ पार वर चढेल असं खदखदून हसलं तरच पडदा कडेला ढुसणी देईल, हवा आत शिरेल आणि कवळी सुटेल. साच्यावर पडद्याची ओळ त्यांनी नखाने पुन्हा पुन्हा चाचपली आणि केसभर घासायचं तिथे अर्धा केस घासलं. इतकं बारीक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, चावायला लावलं, आकडे म्हणायला लावले, हसायला सांगितलं. दवाखान्याच्या खुर्चीत कोण खदखदून हसतं? सगळं फर्स्ट क्लास निघालं.

पुढच्या रविवारी सगळे ताईकडे जेवायला जमले. भावोजींनी दोन घास चावून खाल्ले, डोळ्यांत पाणी आणून बाईंचं कौतुक केलं, आणि मग स्वभावावर गेले. "आता मेहुणीबाईंना म्हणावं, डबीलासुद्धा एक कवळी करून..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना हसू आवरेना. ओठ वर गेला आणि वरची कवळी टपकन ताटात पडली. कोणीतरी फिसकन हसलं. भावोजींनी झटकन ती उचलली, पाठ फिरवून बसवली, आणि जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे आले. बाईंनी हात धुतले, त्यांचं तोंड उघडायला लावलं, टॉर्च धरून सगळीकडे पाहिलं, चेहरा गंभीर केला. "कवळी अगदी बरोबर आहे, भावोजी. हिरड्या गेल्यात. वय झालं की जातात. त्यात लाजायचं काय?"

भावोजींनी रुमाल पुन्हा तोंडावर धरला. डॉक्टरीणबाईंकडे जायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण हसताना दात पडतात हे कोणत्या तोंडाने सांगणार? ते गेल्यावर बाईंनी पुन्हा हात धुतले, जरा जास्तच वेळ. तोंड चुकलं असं त्यांनी पेशंटला पहिल्यांदाच सांगितलं होतं. वाईट वाटलं का? वाटलं. पण गोडही लागलं, आणि गोड जास्त लागलं.

भावोजींचं हसणं बंद झालं. मग बोलणं कमी झालं, मग रविवारच्या जेवणांना येणं. दुकानात ते मागच्या गोदामात बसायला लागले आणि गल्ल्यावर ताई बसली. महिने गेले. बाई आठवड्यातून दोनदा लॅबमध्ये जाऊन अडलेलं काम करून द्यायच्या, पण मालकांनी कायमचं या म्हटलं की विषय टाळायच्या. त्या खुर्चीवर हक्काने बसायला मन धजत नव्हतं. एक दिवस ताई डोळे पुसत आली. "दुकान विकायचं म्हणतात गं. माझ्यात काही राहिलं नाही म्हणतात. घरात आवाज नाही. तुझी थट्टा करायचे ते परवडलं."

बाईंनी तिला चहा दिला. रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी त्या दुकानात गेल्या. बरोबर ड्रायव्हरकाका, आणि त्यांचं पाहून चटक लागलेले डेपोतले दोन जुने सोबती. तिघांचा गलका चालला होता. काका आता मोठे जाणकार झाले होते. प्रत्येक लेथ उचलून बघत होते, दांडा हलवत होते, टोकाला टोक भिडवत होते. एक चकचकीत लेथ त्यांनी पत्र्याचा म्हणून नापास केला. बाईंनीही स्वतःसाठी शोधला. महागाचा नाही. करड्या रंगाचा, बिडाचा, जेमतेम हातभर लांबीचा, दर्शनी भागात कोणी ठेवणार नाही असा. टोकं जुळवून नख फिरवलं. अडलं नाही.

"ताई, याची पावती कर."

गोदामाचा पडदा हलला. भावोजी बाहेर आले. तोंडावर हात होता, खांदे उतरले होते. "पावती नको," ते म्हणाले. "असाच घेऊन जा." आज मेहुणीबाई नव्हतं, अहोजाहो नव्हतं. "तो निळा पडलेला होता. मला माहीत होतं. तू काही बोलणार नाहीस असं वाटलं, म्हणून तुझ्या गळ्यात घातला. आणि मग थट्टेची चटकच लागली. तुझे हात गेलेच नव्हते. माझ्या हिरड्या गेल्या तेव्हा कळलं, अंगातलं काही गेलं की माणसाचं काय होतं."

पावतीवर ताईचं पेन थांबलं. डेपोवाल्यांचा गलकाही थांबला.

बाईंना हेच ऐकायचं होतं, इतके दिवस. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. भावोजी मरेपर्यंत हिरड्यांना दोष देत राहिले असते. पण ज्याच्यावर सूड घेतला त्यालाच कळला नाही, तर तो कसला सूड? आणि ज्या हातांनी आयुष्यभर तोंडाला दोष दिला नाही, त्या हातांना त्या खुर्चीवर परत बसायचं होतं.

"तुमच्या हिरड्या ठणठणीत आहेत, भावोजी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अख्ख्या लॅबमध्ये इतक्या चांगल्या हिरड्यांचा साचा मी पाहिला नाही. कवळी चुकली. मी चुकवली. फक्त हसताना पडेल अशी घासली."

भावोजींचा हात तोंडावरून खाली आला. ते बघत राहिले. "फक्त हसताना?"

"फक्त हसताना. अर्ध्या केसाचं काम आहे. गेलेल्या हातांना जमलं असतं का, सांगा."

आधी ताईला हसू फुटलं. मग काकांना. मग भावोजींच्या छातीतून काहीतरी वर आलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, आवरता आवरेना, दुकानातले पत्र्याचे डबे वाजले, आणि कवळी सुटून त्यांच्या तळहातावर पडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हसण्याचं की कसलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कवळी तशीच बाईंच्या पुढे धरली.

"घास बाई. नीट करून दे आता."

बाईंनी कवळीकडे पाहिलं. काम दोन मिनिटांचं होतं. त्यांनी आपली पिशवी खांद्याला लावली.

"उद्यापासून मी लॅबमध्ये रोज बसणार आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांनी या. घासून देईन."

ताईने वर न बघता पावतीवर पूर्ण किंमत लिहिली आणि पैसे भरायला ती नवऱ्यासमोर सरकवली. "तीन कशाला?" ती म्हणाली. "पाच सांग."